सांताक्रूझचा पाऊस, फाइलीतून फोनपर्यंत: पांडाज आणि फ्लटरमधल्या हमखास चुका

पावसाळ्याच्या चार महिन्यांची एक सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेला साधा मजकूर) आहे. तारीख, केंद्र आणि मिलिमीटरमध्ये पाऊस, एवढेच तीन रकाने. ती पायथनमध्ये, पांडाज या तक्ते हाताळणाऱ्या लायब्ररीने वाचायची, बेरजा काढायच्या आणि 'कुलाब्यात किती, सांताक्रूझला किती' हे दाखवणारं छोटं ॲप फ्लटर या ॲप बांधायच्या साधनात करायचं. ऐकायला दोन रविवारांचं काम. ते लांबतं, आणि ज्या चुकांमुळे लांबतं त्यांत अवघड गणित कुठेच नसतं. डेटा एका घरातून दुसऱ्या घरात जातो तेव्हा उंबरठ्यावर अडखळतो: एक्सेलमधून फाइलीत, फाइलीतून पांडाजमध्ये, तिथून जेसनमध्ये (सर्व्हरवरून फोनला डेटा पाठवायचा मजकुराचा साचा), जेसनमधून डार्टमध्ये (फ्लटरची भाषा). आणि यातलं निम्मं अडखळणं लाल एरर न देताच होतं.

म्हणून पहिली पायरी कोडची नाही, हिशेबाची आहे. किराणा दुकानातला रोजमेळ आठवा. आपणही प्रत्येक उंबरठ्यावर चार आकडे छापायचे: एकूण ओळी किती, पावसाची बेरीज किती, रिकाम्या नोंदी किती, आणि सर्वांत जुनी व सर्वांत नवी तारीख कोणती. चार ओळींचं एक फंक्शन लिहा, त्याला 'रोजमेळ' असंच नाव द्या आणि फाइल वाचल्यावर, तारखा बदलल्यावर, मर्ज केल्यावर (दोन तक्ते जोडल्यावर), जेसन लिहिण्याआधी, दर वेळी बोलवा. खाली जे जे सांगितलंय त्यातलं बरंचसं या चार आकड्यांतच पकडलं जातं.

फाइल उघडताना

सीएसव्हीवर डबल-क्लिक करून ती एक्सेलमध्ये 'फक्त बघण्यासाठी' उघडायची आणि सवयीने सेव्ह करायची, इथून पुढचं दुखणं सुरू होतं. तारखांचं काय होतं ते पुढे येईलच. आधी अक्षरं बघू.

मराठी नावं असलेली यूटीएफ-८ (अक्षरं बाइटमध्ये साठवायची एक पद्धत, म्हणजे एन्कोडिंग) फाइल एक्सेलमध्ये उघडली की बऱ्याचदा 'मुंबई'च्या जागी टोप्या घातलेल्या रोमन अक्षरांची रांग दिसते. फाइल बिघडलेली नसते, एक्सेलने ती चुकीच्या एन्कोडिंगने वाचलेली असते. अशा वेळी सेव्ह केलंत तर मात्र ती खरोखर बिघडते. पांडाजमधून एक्सेलवाल्या माणसाला फाइल द्यायची असेल तर टू_सीएसव्हीमध्ये एन्कोडिंग 'यूटीएफ-८-सिग' द्या. त्याने फाइलीच्या तोंडाशी बॉम नावाची तीन बाइटची खूण लागते आणि एक्सेलला यूटीएफ-८ ओळखू येतं. उलट्या दिशेने हीच खूण त्रास देते. बॉम असलेली फाइल पायथनच्या साध्या सीएसव्ही मॉड्यूलने नुसत्या 'यूटीएफ-८' ने वाचली, तर पहिल्या रकान्याच्या नावाला न दिसणारं एक अक्षर चिकटतं. छापून बघितलं तर 'तारीख' दिसतं, पण 'तारीख' मागितलं तर कीएरर ('या नावाचं काही नाही') येतो. वाचतानाही 'यूटीएफ-८-सिग' द्या, प्रश्न मिटतो. रकान्याच्या नावाच्या शेवटी राहिलेली मोकळी जागाही असाच कीएरर देते. तिच्यासाठी कॉलम्सवर एसटीआर-डॉट-स्ट्रिप चालवणं हा नेमच करून टाका.

जुन्या सरकारी फाइलींमध्ये मराठीच्या जागी अगम्य रोमन अक्षरं असतील आणि कुठलंही एन्कोडिंग देऊन ती सुधरत नसतील, तर ती श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असण्याची शक्यता मोठी. तिथे एन्कोडिंग बदलून उपयोग नाही, त्या त्या फॉन्टचा कन्व्हर्टर लागतो.

केंद्राचा क्रमांक वाचतानाही एक खोच आहे. जागतिक हवामान संघटनेच्या यादीत सांताक्रूझचा क्रमांक ४३००३ आणि कुलाब्याचा ४३०५७. त्या रकान्यात एक जरी जागा रिकामी असली तरी पांडाज अख्खा रकाना दशांशात नेतं आणि क्रमांक 43003.0 होतो. मग दुसऱ्या फाइलीतल्या '43003' या मजकुराशी तो जुळत नाही. क्रमांक, पिनकोड, मोबाइल नंबर यांची कधी बेरीज करणार आहात का? नाही ना, मग रीड_सीएसव्हीमध्येच त्यांचा डीटाइप (डेटाचा प्रकार) स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, ठेवा.

तारखा: बारा तारखेपर्यंत सगळं आलबेल

सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक हीच. आपण दिवस आधी लिहितो, महिना नंतर. पांडाजचं टू_डेटटाइम आपणहून महिना आधी धरतं. सांताक्रूझची जून ते सप्टेंबरची फाइल घ्या, रोज एक ओळ, म्हणजे १२२ ओळी. पहिली ओळ '01/06/2024'. पांडाज ती ६ जानेवारी म्हणून वाचतं. '02/06/2024' झाली ६ फेब्रुवारी. असं करत '12/06/2024' म्हणजे ६ डिसेंबरपर्यंत गाडी सुरळीत. '13/06/2024' ला तेरावा महिना नसल्यामुळे ती थांबते.

पुढे काय होतं ते आवृत्तीवर अवलंबून. २०२३ मध्ये आलेल्या पांडाज २ पासून पहिल्या तारखेवरून साचा ठरतो आणि तोच पुढे सगळ्यांना लावला जातो, त्यामुळे 'पोझिशन १२'वर साचा जुळत नाही असा व्हॅल्यूएरर येतो. मोजणी शून्यापासून असल्याने ती तेरावी ओळ. ही एरर आली तर नशीबवान समजा. त्याआधीच्या आवृत्त्या प्रत्येक तारखेचा वेगळा अंदाज बांधत. बारापर्यंतच्या उलट्या, तेरापासूनच्या सुलट्या, आणि डोकं खाजवायला तुम्ही.

एरर घालवायला इंटरनेटवरून 'एरर्स बरोबर कोअर्स' हा तोडगा उचलला की खरा घोळ होतो. दर महिन्याच्या बारा तारखा उलट्या वाचल्या जातात आणि बाकीच्या नॅट, म्हणजे रिकाम्या होतात. १२२ पैकी ४८ उरतात, ७४ गायब, एररचा मागमूस नाही. ओळखायची खूण पक्की आहे: महिन्यानुसार ओळी मोजा. जून ते सप्टेंबरच्या फाइलीत जानेवारीपासून डिसेंबरपर्यंत प्रत्येक महिन्यात बरोबर चार-चार नोंदी दिसल्या, त्याही ६, ७, ८ आणि ९ तारखेच्या, तर दिवस-महिना उलटला आहे. दुसरं काहीही कारण असू शकत नाही. रोजमेळातले 'रिकाम्या नोंदी' आणि 'जुनी-नवी तारीख' हे दोन आकडे इथेच बोंब मारतील.

उपाय: तारखेचा साचा स्वतः द्या. फॉरमॅटमध्ये टक्का-डी, तिरकी रेघ, टक्का-एम, तिरकी रेघ, टक्का-कॅपिटल-वाय. डेफर्स्ट ट्रू करूनही काम होतं, पण तो आग्रह नाही, नुसतं झुकतं माप आहे. दिवस-आधी बसत नसेल तिथे पांडाज गुपचूप महिना-आधी करून बघू शकतं. साचा दिलात की जी तारीख बसत नाही ती ओरडेल. ओरडू द्या.

फाइल मध्ये कुणी अमेरिकन सेटिंगच्या एक्सेलमध्ये उघडून सेव्ह केली असेल तर मामला आणखी किचकट. एक्सेलने बारापर्यंतच्या तारखा उलट्या वाचून खऱ्या 'तारखा' बनवलेल्या असतात आणि तेरापासूनच्या मजकूर म्हणून सोडलेल्या असतात. फाइल एक्सेलमध्ये उघडून रकान्याकडे नुसतं बघा: खऱ्या तारखा उजवीकडे चिकटतात, मजकूर डावीकडे. एकाच रकान्यात दोन्ही दिसले तर ती फाइल दुरुस्त करण्याच्या फंदात पडू नका. मूळ फाइल पुन्हा मागवा.

साडेआठचा दिवस

हवामान खात्याचा पावसाचा दिवस मध्यरात्री बदलत नाही. सकाळी ८:३० ते दुसऱ्या दिवशी सकाळी ८:३० असे चोवीस तास मोजून, संपण्याच्या दिवसाची तारीख त्या आकड्याला लागते. सगळ्यांना पाठ असलेलं उदाहरण २६ जुलै २००५ चं. सांताक्रूझला ९४४.२ मिलिमीटर पाऊस झाला, त्यातला मुख्य जोर २६ च्या दुपारनंतरचा. पण चोवीस तास पुरे झाले २७ जुलैच्या सकाळी साडेआठला, त्यामुळे रोजच्या तक्त्यात हा आकडा २७ जुलैच्या ओळीत सापडतो. लोकल बंद पडल्याच्या नोंदी, भरतीच्या वेळा किंवा रुग्णालयातल्या दाखल रुग्णांचा डेटा तारखेवर जोडलात की सगळं एक दिवस सरकतं. सहसंबंध कमकुवत निघतो आणि दोष मॉडेलला जातो.

रोजचेच आकडे हातात असतील तर तारखेतून एक दिवस वजा करून 'पावसाचा दिवस' नावाचा वेगळा रकाना करा. मूळ तारखेला हात लावू नका. तासातासाचे आकडे असतील तर रीसॅम्पल (वेळेचे गट पाडणारं फंक्शन) वापरा, पण त्यात तीन गोष्टी नेमक्या हव्यात:

१. कालावधी '२४एच', आणि ऑफसेट '८एच३०मिन'.

२. क्लोज्ड 'राइट'. तासाचा आकडा तास संपताना नोंदला जातो, म्हणून ८:३० ची नोंद मावळत्या दिवसाची. हे न दिल्यास ती उगवत्या दिवसात पडते.

३. लेबल 'राइट', म्हणजे खात्याच्या तक्त्याशी तारीख जुळेल.

हे बरोबर बसलंय का याची परीक्षा खोट्या डेटावर घ्या. तीन दिवस, दर तासाला १ मिलिमीटर. मधल्या प्रत्येक दिवसाची बेरीज २४ आलीच पाहिजे. आता फक्त एका ८:३० च्या नोंदीत १ च्या जागी १०० टाका आणि ती कुठल्या तारखेत जाते ते बघा. त्याच तारखेत गेली तर ठीक, पुढच्या तारखेत उडी मारली तर क्लोज्ड विसरलात. पाच मिनिटांचं काम आहे, तरी जवळजवळ कुणी करत नाही.

टाइमझोनची गफलत ओळखायलाही एक सोपी खूण आहे. ८:३० ची नोंद १४:०० दिसत असेल, तर आपल्या वेळेला चुकून यूटीसीचा (जागतिक प्रमाणवेळेचा) शिक्का मारून मग ती एशिया-कोलकात्यात वळवली आहे. ८:३० ची ३:०० दिसत असेल, तर यूटीसी परत आपल्या वेळेत आणायचं राहिलं आहे. पांडाजमध्ये टीझेड_लोकलाइझ घड्याळ न हलवता शिक्का मारतं, टीझेड_कन्व्हर्ट शिक्का बदलून घड्याळ हलवतं. भारतीय वेळेत लिहिलेल्या फाइलीला आधी लोकलाइझ 'एशिया/कोलकाता', मग गरज असेल तरच कन्व्हर्ट. आपल्याकडे उन्हाळी-हिवाळी घड्याळ फिरवण्याची भानगड नाही, तेवढं तरी सुख.

रिकामं, शून्य आणि 'ट्रेस'

पाऊस पडला नाही तो शून्य. मापक बंद होता ती रिकामी जागा. शिंतोडे पडले पण मोजण्याइतके नाहीत, तो 'ट्रेस'. तिन्ही वेगळे, आणि फिलएनए शून्य (रिकाम्या जागी शून्य भरा) ही एक ओळ तिघांना एका मापात टाकते. 'ट्रेस'साठी वेगळा हो-नाही रकाना करून आकडा ०.० ठेवा. रिकामं रिकामंच राहू द्या.

तरीही एक सापळा उरतो. एखाद्या महिन्याच्या सगळ्या नोंदी रिकाम्या असतील तर पांडाज त्यांची बेरीज ०.० देतं, रिकामी देत नाही. जुलैभर मापक बंद, आणि तक्त्यात जुलै कोरडा ठणठणीत. समला मिन_काउंट द्या. १ दिलं तर निदान एक नोंद असल्याशिवाय बेरीज येणार नाही. महिन्याच्या बेरजेसाठी मी २५ च्या खाली जाणार नाही, पण तो आपापल्या विवेकाचा भाग.

मोठा आकडा चूक असतोच असं नाही

डेटा सफाईच्या धड्यांत आउटलायर (बाकीच्यांपासून फार दूरचे आकडे) काढायची पद्धत शिकवतात: चतुर्थकांमधलं अंतर घ्या, दीडपट करा, त्यापलीकडचं उडवा. मुंबईच्या वर्षभराच्या पावसावर ही पद्धत चालवून बघा. आठ महिने जवळपास कोरडे, पावसाळ्यातही उघडीप असतेच, त्यामुळे तिसरा चतुर्थक शून्याला चिकटलेला. दीडपट शून्य म्हणजे शून्यच. पद्धतीच्या मते पडलेला जवळजवळ प्रत्येक पाऊस चूक! आणि ९४४.२ तर सगळ्यात आधी कचऱ्यात, जो मुळात खरा आहे. शेजारच्या केंद्राशी ताडून बघू म्हटलं तर त्याच चोवीस तासांत कुलाब्याला ७३.४ मिलिमीटर. एकाच शहरात एवढा फरक खरोखर पडतो.

म्हणून उडवायचं फक्त अशक्य असेल ते: उणे आकडे, एकाच तारखेच्या दुहेरी नोंदी, दशांश चिन्ह सरकलेलं उघड दिसत असेल ती. बाकी संशयितांवर खूण करा आणि ठेवा.

वर्ग पाडताना

चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे मुसळधार, ११५.६ ते २०४.४ अति मुसळधार, २०४.५ पासून पुढे अत्यंत मुसळधार. त्याखाली १५.६ पासून मध्यम, २.५ पासून हलका, ०.१ पासून अगदी हलका. कट फंक्शनला कडा द्यायच्या: ०, ०.१, २.५, १५.६, ६४.५, ११५.६, २०४.५ आणि अनंत. आठ कडा, सात नावं (सातवं शून्यासाठी, 'पाऊस नाही'). सात मोजूनच द्या, नाहीतर लेबलांची संख्या जुळत नाही म्हणून एरर.

कट आपणहून उजवी कड आत धरतं, डावी बाहेर. त्यामुळे नेमका ६४.५ चा दिवस 'मध्यम'मध्ये घसरतो, आणि त्याहून वाईट म्हणजे शून्याचा प्रत्येक दिवस कुठल्याच वर्गात न बसून रिकामा होतो. राइट फॉल्स द्या, दोन्ही प्रश्न सुटतात.

नावं जुळवताना: 'ॲ' आणि 'अॅ'

केंद्रांची किंवा स्थानकांची यादी दुसऱ्या तक्त्याशी मराठी नावावर जोडायची वेळ आली की मर्जनंतर ओळी कमी होतात किंवा बेसुमार वाढतात. कमी होण्याची कारणं: परळ आणि परेल, शीव आणि सायन, सांताक्रूझ आणि सांताक्रुझ, २०१८ नंतरचं प्रभादेवी आणि आधीचं एल्फिन्स्टन रोड. यांना हुशार अल्गोरिदम नको, हाताने केलेली तीस-चाळीस ओळींची 'नाव ते क्रमांक' यादी हवी.

डोळ्यांना न दिसणारा फरक मात्र फसवतो. 'ॲन्टॉप हिल'मधला 'ॲ' दोन प्रकारे टाइप होतो: एकसंध 'ॲ' हे एकच अक्षर, किंवा 'अ' आणि वर 'ॅ' ही मात्रा. पडद्यावर दोन्ही सारखेच, संगणकाला मात्र वेगळे. युनिकोडडेटा मॉड्यूलमधलं एनएफसी नॉर्मलायझेशन 'ऱ्या'मधल्या 'ऱ'च्या दोन रूपांना एक करतं, पण या 'ॲ'ला हातही लावत नाही, कारण युनिकोडच्या दृष्टीने ती दोन रूपं समतुल्य मानलेलीच नाहीत. एनएफसीनंतर 'अॅ'च्या जागी 'ॲ' टाकणारी रिप्लेसची एक ओळ स्वतः लिहावी लागते. संशय आला तर शब्दाची लांबी छापा. एकसंध 'ॲप'ची लांबी २ येते, सुट्याची ३.

ओळी वाढल्या तर उजव्या तक्त्यात एकच नाव दोनदा आहे. मर्जला व्हॅलिडेट 'मेनी_टू_वन' द्या, दुहेरी नाव असेल तर तो तिथल्या तिथे थांबेल. इंडिकेटर ट्रू केलंत की कोण कुठून जुळलं नाही तेही कळतं.

जेसनचा उंबरठा

पायथनचं साधं जेसन मॉड्यूल रिकाम्या आकड्याला 'एनएएन' असं लिहून मोकळं होतं. जेसनच्या नियमात तो शब्दच नाही. पायथन स्वतःचं लिहिलेलं वाचतो, त्यामुळे तुमच्या चाचणीत सगळं पास. फोनवर डार्टचं जेसनडिकोड फॉरमॅटएक्सेप्शन फेकतं. जेसन लिहिणाऱ्या डम्प्सला अलाऊ_एनएएन फॉल्स द्या, म्हणजे चूक सर्व्हरवरच फुटेल. रिकाम्याच्या जागी नन ठेवा, त्याचं जेसनमध्ये नल होतं.

तारीख आयएसओ रूपात पाठवा आणि शेवटी +05:30 लिहा. पांडाजच्या टू_जेसनला डेट_फॉरमॅट 'आयएसओ' सांगायला विसरलात तर अनेक आवृत्त्यांत तारखेच्या जागी १९७० पासूनचे मिलिसेकंद जातात.

फोनवर: कोरड्या दिवशी कोसळणारं ॲप

जुलैत उत्तम चालणारं ॲप ऑक्टोबरात उघडताच लाल पडदा: 'टाइप इंट इज नॉट अ सबटाइप ऑफ टाइप डबल'. कारण साधं आहे. १२.५ हा डार्टसाठी डबल. मधला सर्व्हर जावास्क्रिप्टचा असेल तर ०.० लिहिताना तो नुसतं 0 लिहितो, आणि डार्टसाठी ते इंट. मॉडेल क्लासमध्ये 'ॲज डबल' लिहिलेलं असतं, तिथे ॲप कोसळतं. 'ॲज नम' घ्या आणि पुढे टूडबल लावा. नोंद रिकामी येऊ शकते, म्हणून नमपुढे प्रश्नचिन्ह, आणि पडद्यावर त्या जागी शून्य न दाखवता 'नोंद नाही' असं लिहा.

वेळ वाचताना डेटटाइम-डॉट-पार्सला +05:30 असलेली वेळ दिली की तो ती यूटीसीत ठेवतो. दाखवण्याआधी टूलोकल केलं नाही तर साडेआठच्या जागी तीन वाजलेले दिसतात. वर सांगितलेली खूण इथेही लागू.

मराठी मजकूर फोनवर टोपीवाली अक्षरं होऊन आला तर सर्व्हरने हेडरमध्ये कॅरसेट पाठवलेला नाही. अशा वेळी एचटीटीपी पॅकेजच्या जुन्या आवृत्त्या लॅटिन-१ धरतात. रिस्पॉन्सचं बॉडी न घेता बॉडीबाइट्स घेऊन यूटीएफ-८ ने डिकोड करा. नाव लांब म्हणून कापायचं असेल तर सबस्ट्रिंग वापरू नका. 'मुंबई' दिसायला तीन अक्षरं, संगणकाच्या मोजणीत पाच. पहिलं एकच ठेवलंत तर 'म' उरतो, उकार आणि अनुस्वार गळतात. कॅरेक्टर्स पॅकेज अख्खी अक्षरं मोजतं.

फोन मराठीत ठेवून बघा

ही चूक बेंगळुरूत बसून चाचणी करणाऱ्याला सापडत नाही, कारण त्याचा फोन इंग्रजीत असतो. अँड्रॉइडवर कोटलिनमध्ये (अँड्रॉइड ॲप लिहायची भाषा) स्ट्रिंग फॉरमॅट करताना लोकेल (भाषा आणि प्रदेशाची सेटिंग) दिलं नाही तर फोनची भाषा धरली जाते. फोन मराठीत असेल तर "12.5" चं "१२.५" होतं, तारखेचं "२०२४-०६-०५" होतं. वाचायला छान. पण तीच तारीख सर्व्हरच्या पत्त्यात गेली की सर्व्हरला ती तारीखच वाटत नाही, आणि उत्तर रिकामं येतं. सिम्पलडेटफॉरमॅटचंही तेच. फ्लटरमध्ये इंटल पॅकेजच्या डेटफॉरमॅटला 'एमआर' लोकेल दिलं की तोही देवनागरी आकडे देतो. (आधी इनिशियलाइझडेटफॉरमॅटिंग बोलवावं लागतं, नाहीतर लोकेलडेटाएक्सेप्शन.)

नियम असा ठेवा: माणसाला दाखवायचं ते मराठी लोकेलमध्ये, यंत्राला पाठवायचं ते कोटलिनमध्ये लोकेल-डॉट-रूट देऊन, डार्टमध्ये टूयूटीसी करून टूआयएसओ८६०१स्ट्रिंगने. आणि वापरणाऱ्याने रकान्यात "१२.५" टाइप केलं तर? डार्टचं डबल-डॉट-पार्स ते नाकारतं, म्हणून आधी दहा देवनागरी आकड्यांच्या जागी दहा इंग्रजी आकडे बदलून घ्या. गंमत म्हणजे पायथनचा फ्लोट "१२.५" बिनतक्रार स्वीकारतो, त्यामुळे सर्व्हरवर चाललं म्हणून फोनवर चालेल असं धरू नका.

'माझ्या लॅपटॉपवर चालतं'

अँड्रॉइड एम्युलेटरमधून (लॅपटॉपवर चालणारा नकली फोन) लोकलहोस्टला हाक मारली तर उत्तर मिळत नाही, कारण तिथे लोकलहोस्ट म्हणजे एम्युलेटर स्वतः. लॅपटॉपचा पत्ता 10.0.2.2. खऱ्या फोनवर यूएसबी केबल लावून एडीबी (अँड्रॉइडचं डीबग साधन) रिव्हर्सने पोर्ट जोडणं सगळ्यात कमी कटकटीचं. अँड्रॉइड ९ पासून साधं एचटीटीपी मुळातच बंद असतं. चाचणीपुरती नेटवर्क सिक्युरिटी कॉन्फिगमध्ये त्या एका पत्त्याला सूट द्या, अख्ख्या ॲपला देऊ नका.

डीबगमध्ये चालतं आणि रिलीज बिल्डमध्ये नेटच नाही, तर मेन मॅनिफेस्टमध्ये (ॲपच्या परवानग्यांची फाइल) इंटरनेट परमिशन नाही. फ्लटरच्या साच्यात ती डीबग आणि प्रोफाइलच्या मॅनिफेस्टमध्ये आपोआप असते, मेनमध्ये आपण घालायची.

शोधाच्या चौकटीत प्रत्येक अक्षराला सर्व्हरवर नवी मागणी जात असेल तर फ्यूचरबिल्डरला द्यायचा फ्यूचर (पुढे येणारं उत्तर) तुम्ही बिल्डमध्येच, म्हणजे पान दर वेळी रंगवताना, तयार करताय. तो इनिटस्टेटमध्ये एकदाच करा.

आणि गर्दीतली लोकल किंवा भुयारी मेट्रो ३. मध्येच रेंज जाते, दहा सेकंदांनी येते, तोवर वापरणारा मागे जाऊन दुसऱ्या पानावर पोहोचलेला असतो. उत्तर येतं आणि 'सेटस्टेट कॉल्ड आफ्टर डिस्पोझ'. अवेटनंतर माउंटेड (पान अजून उघडं आहे का) तपासल्याशिवाय सेटस्टेट नको. मागणीला दहा-पंधरा सेकंदांचा टाइमआउट लावा. टाइमआउट आणि सॉकेटएक्सेप्शन दोन्ही पकडून शेवटची साठवलेली नोंद दाखवा, पण तिच्याखाली 'सकाळी ८:३० पर्यंतचा' असा वेळेचा शिक्का हवाच. धो धो पावसात कालचा आकडा आजचा म्हणून दिसणं हे ॲप बंद पडण्यापेक्षा वाईट.

प्रकाशित करण्याआधी रिलीज बिल्ड खऱ्या फोनवर टाका, फोनची भाषा मराठी करा, आणि सर्व्हरवरून चार बनावट दिवस पाठवा: एक 0 चा, एक नलचा, एक 944.2 चा, एक नेमका 64.5 चा. मग विमान मोड चालू करून तेच पान पुन्हा उघडा. ॲपच्या 'माहिती' पानावर आवृत्तीच्या क्रमांकाखाली रोजमेळाचे चार आकडे बारीक अक्षरांत छापून ठेवा आणि ते सर्व्हरवरच्या चारांशी ताडून बघा.